रविवारी राणीची बाग: पेंग्विनच्या आधी दगडी हत्ती

ए-१०३ काकू: रविवारचं राणीच्या बागेचं नक्की ना? नात सकाळपासून पेंग्विन पेंग्विन करून नाचतेय.

बी-२०४ दादा: नक्की काकू. भायखळ्याला उतरून पूर्वेला यायचं, तिथून चालत.

सी-४०१ काका: एक विनंती. आधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारचा दगडी हत्ती बघू, मग पेंग्विन. एकदा पेंग्विन दिसले की मुलं हत्तीपाशी थांबायची नाहीत.

बी-३०२ ताई: तो सिमेंटचा हत्ती ना काका? शाळेच्या सहलीत पाहिलाय.

सी-४०१ काका: सिमेंटचा नाही गं. काळ्या पाषाणात कोरलेला, घारापुरीचा आहे तो. बेटाच्या दक्षिणेला, जुन्या धक्क्याजवळ उभा होता. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून.

बी-३०२ ताई: काय सांगता! लाँचने जाऊन लेणी बघून आलो आम्ही, आणि हत्ती इथे भायखळ्यात?

सी-४०१ काका: हो. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलतानाच खाली आदळून तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणले, तेव्हाचं व्हिक्टोरिया गार्डन. पुढे १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळून बघ, अंगावर सांधे दिसतात. तुला सिमेंट वाटलं ते त्यामुळेच.

डी-१०१ वहिनी: मग तो घारापुरीला परत का नेऊ नये? ज्याच्यावरून बेट जगभर ओळखलं जातं तो बघायला बेटावरच्या पोरांनी भायखळ्याला यायचं? मला हे अजिबात पटत नाही.

सी-४०१ काका: तुमचं म्हणणं रास्त आहे वहिनी. हक्क बेटाचाच. पण एकदा उचलताना काय झालं ते माहीत असताना, शंभरावर वर्षांचे सांधे पुन्हा हलवायचे म्हणजे माझा जीव घाबरतो.

डी-१०१ वहिनी: तज्ज्ञांनी तपासून सांगावं. नुसत्या भीतीपोटी विषय सोडू नये.

सी-४०१ काका: हे मान्य.

बी-२०४ दादा: काळा घोडापण तिथेच आहे ना?

सी-४०१ काका: खरा तिथेच. घोड्यावर बसलेल्या इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा ब्राँझचा पुतळा, १९६५ मध्ये फोर्टातून हलवला. फोर्टात काळा घोडा चौकात आता आहे तो २०१७ मधला, त्याच्यावर स्वार नाही. वाटेत तोही दाखवू मुलांना.

बी-३०२ ताई: मुलांचा हत्तीबरोबर फोटो काढायचाच मग.

सी-४०१ काका: शेजारी उभं करून काढ. वर चढवू नका कुणाला, कृपा करून. आधीच एवढं सोसलंय त्याने.

ए-१०३ काकू: बरं. साडेआठला सगळे खाली गेटपाशी. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने घ्या, आणि पोरांना टोप्या घाला.