तापलं लोखंड हातात देणारे खरंच अडाणी होते का?

जुनं_दप्तर
परवा गप्पांत एकजण म्हणाला, "मध्ययुगीन युरोपातले लोक काय अडाणी! लाल लोखंड हातात द्यायचे नि निकाल देवावर सोडायचे." मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

दिव्य, म्हणजे आरोपीला अशा परीक्षेत घालून देवाचा कौल घेणं, ही पहिली पायरी नव्हतीच. साक्षीदार नाही, आरोपीच्या बाजूने शपथ घ्यायला माणसं नाहीत, गावाचा संशय मात्र पक्का, अशा वेळी तिकडे वळायचे. इंग्लंडमधला दहाव्या शतकातला नियम बघा. चर्चमध्ये दोन्ही पक्षांची सारखीच माणसं दोन रांगांत उभी, सगळी उपाशी. विधी सुरू झाला की निखारे फुलवायचे नाहीत. शेवटची प्रार्थना होईपर्यंत लोखंड तिथेच पडून. मग ते उचलून नऊ पावलांचं अंतर चालायचं, तेही आरोपीच्याच पायाच्या मापाने. हात बांधून मोहोर लावायची आणि तिसऱ्या दिवशी सोडून बघायचं. भाजलं का, हा प्रश्नच नाही, ते भाजणारच. जखम चिघळली का, एवढंच बघायचं.

आता सांगा, प्रार्थना किती लांबवायची आणि पू कशाला म्हणायचं, हे कोणाच्या हातात? पाद्र्याच्या. त्याला गाव माहीत, माणूस माहीत. हंगेरीतल्या वारादच्या (आजचं रुमानियातलं ओरादेआ) चर्चच्या दप्तरात १२०८ ते १२३५ मधली, लोखंड उचलून निकाल लागलेली २०८ प्रकरणं आहेत. त्यांतले १३० सुटले. अर्थतज्ज्ञ पीटर लीसन म्हणतो की देवाला घाबरणारा गुन्हेगार दिव्याआधीच कबूल होई किंवा तडजोड करी. लोखंडाला हात घालायला तयार होई तो बहुधा निर्दोषच. पाद्र्यालाही हे ठाऊक असे.

खवचट_काका
आणि उरलेले ७८? त्यांचा हातही गेला आणि खटलाही. पाद्री गाव ओळखून निकाल देत असेल, तर त्याला वशिला म्हणतात हो, न्याय नाही.

तळ्यात_मळ्यात
पाण्याचं दिव्य तर कहर होतं ना? बुडाला तो निर्दोष. म्हणजे निर्दोष ठरला आणि मेला :)

जुनं_दप्तर
नाही हो, दोर बांधलेला असायचा. बुडाला की ओढून काढायचे. तुमच्या डोक्यात सतराव्या शतकातलं चेटकिणींना पाण्यात टाकणं आहे. तोवर कोर्टातलं दिव्य जाऊन चारशे वर्षं झाली होती.

सांजवात
हसताना जरा जपून. आपल्याकडचं रवादिव्य आठवा. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, मग ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर सोडायचा. बांधणं, मोहोर, थांबणं, सगळं तेच.

कोर्टाची_पायरी
दप्तरबुवा, तुमचा पाद्री फार शहाणा निघाला. पण राज्यकर्त्यांचा तरी त्याच्यावर विश्वास होता का? अकराव्या शतकात इंग्लंडचा राजा विल्यम रूफसने राजाची हरणं मारल्याच्या आरोपावरून पन्नास माणसांना लोखंड उचलायला लावलं. पन्नासच्या पन्नास सुटले! राजा असा भडकला की यापुढे निवाडा देवाकडे नाही, माझ्याकडे, म्हणाला. पुढे ११६६ च्या क्लॅरेंडनच्या कायद्यात तर गंमतच. पाण्याच्या दिव्यात नापास झाला की पाय तोडायचा. पास झाला, पण माणूस बदनाम असेल, तर त्याने देश सोडायचा! देवाने निर्दोष म्हटलेल्याला राजा हाकलतोय. मग दिव्य कशासाठी केलं?

आणि ज्याची गावात पत आहे, त्याच्यासाठी शपथ घ्यायला डझनभर माणसं उभी राहायची. लोखंड यायचं ते परक्याच्या, नाहीतर आधीच बदनाम असलेल्याच्या वाट्याला.

जुनं_दप्तर
शेवटचा मुद्दा मान्य. क्लॅरेंडनचं उत्तर माझ्याकडे नाही. पण १२१५ नंतर काय झालं तेही बघा. तिसऱ्या इनोसंट पोपने लॅटरनच्या धर्मसभेत पाद्र्यांना दिव्याच्या विधीत भाग घ्यायला बंदी केली. पाद्र्याशिवाय दिव्य होईना. मग इंग्लंडबाहेरच्या युरोपात पुरावा म्हणून दोन साक्षीदार किंवा कबुली हवी, हा दंडक पक्का होत गेला आणि कबुलीसाठी छळ आला. १२५२ मध्ये चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या छळाला परवानगीच दिली. तीन दिवस बांधलेला हात बरा की तो?

कोर्टाची_पायरी
बंदी इंग्लंडातही लागू झाली, तिथे ज्युरी आली. एकाच बंदीतून दोन वाटा फुटल्या, मग दोष बंदीचा कसा? रोमन कायदा इटलीतल्या बोलोन्यात बाराव्या शतकापासून शिकवत होते, दोन साक्षीदारांचा हट्ट तिथला.

जुनं_दप्तर
ज्युरी काही दुसऱ्या दिवशी आली नाही. १२१९ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने फिरत्या न्यायाधीशांना पत्र गेलं: दिव्य बंद झालंय, तूर्त मोठ्या गुन्ह्यातल्या संशयिताला कोठडीत ठेवा, मधल्याला देशाबाहेर घालवा, किरकोळ असेल तर जामीन घ्या. बाकी तुमच्या तारतम्यावर.

खवचट_काका
म्हणजे तारीख पे तारीख तेव्हापासूनच!