अनुभव धागा : बायबलचं वचन नेमकं कुठे कामी आलं?

उपासनेत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण सगळेच जरा मोठं बोलतो. आजार पळाला, नोकरी लागली, बंद दार उघडलं. त्या साक्षी खऱ्याच असतात, पण त्या वर्षातल्या एखाद्या दिवसाच्या. बाकीच्या दिवसांचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून हा धागा. कुठलं वचन, कुठल्या प्रसंगी आणि तुम्ही त्याचं काय केलंत, एवढंच लिहा. एक विनंती : कुणी दुःख मांडलं तर त्यावर लगेच वचन चिकटवू नका. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसून होते तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

सुरुवात मीच करते. मला काळजी करायची खोड आहे. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' (फिलिप्पै ४:६) असं कुणी ऐकवलं की माझी काळजी जायची नाही, वर चिडचिड व्हायची. पण वाक्य तिथे संपत नाही. प्रार्थना आणि विनंती करून, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, असं पुढे आहे. म्हणजे काळजी गिळायची नाही, ती नेऊन द्यायची. मी एक वही केली आहे. डाव्या पानावर मागण्या, उजव्या पानावर आभार. डावं पान भराभर भरतं. उजवीकडे कधीकधी 'आज पाठ दुखली नाही' एवढंच असतं. आणि हे फिलिप्पैकरांस पत्र प्रेषित पौलाने बंदिवासात असताना लिहिलंय, त्यामुळे त्याच्यावर फार चिडताही येत नाही.

गोदामवाला

मालाची आवक-जावक बघतो. एकदा वरून निरोप आला, वजनाच्या आकड्यात थोडं इकडे-तिकडे कर, सगळेच करतात. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रे ११:१ मला लहानपणापासून पाठ. बक्षिसासाठी पाठ केलेलं वचन एवढ्या वर्षांनी असं आडवं येईल असं वाटलं नव्हतं. मी नाही म्हटलं.

चमत्काराची वाट बघत असाल तर तो झाला नाही. बढती दुसऱ्याला मिळाली, मला रात्रपाळी. पण पोतं चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते अजून बघतो आणि दिसेल तोच आकडा नोंदवहीत लिहितो. घेणारे आता 'यांच्या पाळीत भरा' म्हणतात. त्यातून मला काही मिळत नाही, मालकाला मिळतं!

नाव नको

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मला वचनाची भीती वाटायची. लग्नानंतर घरात एकच वचन सारखं ऐकू यायचं, 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा.' पगार कुणाच्या हातात द्यायचा यापासून आईला किती वेळा फोन करायचा इथपर्यंत त्याचा वापर. बायबल उघडायचं म्हटलं तरी पोटात गोळा यायचा.

मग एका वयस्क पाळकबाईंनी मला शेजारी बसवलं आणि इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. बाविसाव्या वचनापासून नाही, एकविसाव्यापासून. तिथे सगळ्यांना सांगितलंय, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. आणि पंचवीस पतींसाठी आहे : ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं, तशी प्रीती करा. बाविसावं आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. पंचविसावं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं.

त्या संध्याकाळी जेवणानंतर मी तो अध्याय घरात वाचला. एकविसाव्यापासून तेहेतीसपर्यंत, मधे न थांबता. कुणी काही बोललं नाही. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, वेळ लागला, बाहेरची मदतही घ्यावी लागली. ज्यांच्यावर हात उचलला जातोय त्यांना इतकंच सांगते, आधी सुरक्षित जागी जा. सहन करत राहणं म्हणजेच विश्वास, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

धागाकर्ती

@नाव नको, लिहिलंत हे फार बरं झालं. वचन तोडून वापरण्याचा विषय निघालाच आहे तर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 'हिताचे संकल्प' या २९:११ वर कुणी लिहील का? भेटकार्डावर सगळ्यात जास्त तेच असतं.

बदलीवर

मी लिहितो. 'हिताचे संकल्प' वालं ते वचन मला नको असलेली बदली झाली तेव्हा इतक्या जणांनी पाठवलं की मी वैतागून आख्खा अध्यायच वाचला. ते बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. अकराव्याच्या आधी दहावं आहे आणि त्यात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. पाचव्यात घरं बांधा, बागा लावा. सातव्यात तर ज्या नगरात तुम्हाला पाठवलं त्याचंच भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मी खोकी न उघडता बसलो होतो, लवकर परत जायचंय म्हणून. ती उघडली. शेजाऱ्यांची नावं विचारली. परत जाण्याचा अर्ज अजून पडून आहे, तो मागे घेतलेला नाही.

मुलगा

आईची स्मृती गेली आहे. मी कोण ते तिला बहुतेक वेळा कळत नाही. अंघोळीला नेताना घाबरते, हात झिडकारते. तेव्हा मी तेविसावं स्तोत्र सुरू करतो, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणतो आणि पुढचं ती म्हणते, 'मला काही उणे पडणार नाही.' चौथ्या वचनापर्यंत पाणी अंगावर घेऊन होतं. देवाने तिला बरं केलं नाही, हे मी त्याला रोज बोलून दाखवतो. स्तोत्रकर्तेही बोलून दाखवायचे, तेव्हा चालत असावं.

औषध चालू

नैराश्य आहे, गोळ्या चालू आहेत. 'विश्वास कमी पडतोय' हे ऐकून ऐकून मंडळीत जाणं सोडलं होतं. मला सावरलं १ राजे १९ ने. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलाय आणि झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला काय देतो? भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपायचा नाही. बोलणं नंतर. एलीयाला कुणी प्रवचन दिलं नाही.

आणि स्तोत्र ८८. शेवटपर्यंत अंधारच आहे, शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलंय. फार वाईट दिवस असला की तेवढंच वाचते आणि गोळी घेते. ज्यांना जीव नकोसा वाटतोय त्यांनी कृपया आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना दाखवा.

दोन पोरांचा बाप

माझं छोटंसं. 'मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते', नीतिसूत्रे १५:१. मोठीच्या खोलीत शिरण्यापूर्वी दारातच मनात म्हणतो. निम्म्या वेळा उपयोग होतो.

काठावरची

तुमच्या सगळ्यांसारखा माझा विश्वास पक्का नाही. बहिणीसाठी खूप प्रार्थना केली, ती गेली. सध्या प्रार्थना जमत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, पक्षघाती माणसाला चौघं उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात. येशू 'त्यांचा विश्वास पाहून' बोलतो, असं लिहिलंय. त्या आजाऱ्याच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्द नाही. मला आत्ता तेवढंच पुरतं. माझ्या दोन मैत्रिणी माझ्यासाठी प्रार्थना करतात, मी त्यांना नको म्हणत नाही.

नवीनच

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतेय. सुरुवात कुठून करावी? पहिल्या पानापासून सुरू केलं होतं, लेवीयमध्ये अडकले.

धागाकर्ती

@नवीनच, तिथे आमच्यातलेही बरेच जण अडकतात! मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा, घ्या. चारांतलं सगळ्यात छोटं, १६ अध्याय, एका बैठकीत होतं. मग स्तोत्रं : १५० आहेत, रोज पाच घेतली तर महिन्यात एक फेरी पूर्ण होते. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचणारेही पुष्कळ आहेत, आज जी तारीख तो अध्याय. वाचताना अडलं तर इथेच विचारा. @काठावरची, तुमच्या त्या दोन मैत्रिणींत मला तिसरी धरा.