ग्राहकांचा ऑनलाइन रेटा : बातमीला बळ की संपादकाला धाक? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

समास :
ग्राहकांच्या ऑनलाइन चळवळींनी पत्रकारितेत दोन बदल घडवले आहेत आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. पहिला बदल असा, की वृत्तपत्राच्या तक्रार स्तंभात जागा मिळण्याची वाट न पाहता ग्राहक आपले गाऱ्हाणे स्वतःच लोकांपुढे मांडू लागला. २००५ साली जेफ जार्विस यांनी डेल कंपनीच्या लॅपटॉपविषयी आणि तिच्या ग्राहकसेवेविषयी ब्लॉगवर लिहिले, तेव्हा तसाच अनुभव आलेले इतर ग्राहक तेथे जमले आणि मोठ्या माध्यमांनाही त्याची दखल घ्यावी लागली. जार्विस हे पेशाने पत्रकार, पण ही तक्रार त्यांनी ग्राहक म्हणून केली होती. दुसरा बदल अलीकडचा आहे. माध्यमाचा मजकूर पटला नाही, तर त्याच्या जाहिरातदारांना गाठून पैशाचा ओघ थांबवायचा, या मार्गाने २०१६ पासून ब्रिटनमध्ये ‘स्टॉप फंडिंग हेट’ने आणि अमेरिकेत ‘स्लीपिंग जायंट्स’ने मोहिमा चालवल्या. पहिल्या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. दुसऱ्याला माझा विरोध आहे, कारण आज ज्या मार्गाने द्वेषपूर्ण मजकुराला चाप लावला जातो, त्याच मार्गाने उद्या गैरसोयीची शोधबातमीही दाबता येईल.

पारदर्शी :
आपले म्हणणे वाचताना असे वाटते, की या मोहिमांपूर्वी जाहिरातदार आणि संपादक यांचा परस्परांशी काही संबंधच नव्हता. मोठा जाहिरातदार नाराज होईल म्हणून बातमी मागे ठेवणे हा या व्यवसायातला जुना आजार आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या उत्पादने तपासून पाहणाऱ्या मासिकाची प्रकाशक संस्था १९३६ पासून जाहिरातीच घेत नाही, ती याच कारणासाठी. हा दबाव पूर्वी बंद दाराआड येत असे. आता तो उघडपणे आणि सामान्य वाचकाकडून येतो, एवढाच फरक आहे.

‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या ब्रिटिश वृत्तपत्राचे उदाहरण पाहा. तेथे चालणाऱ्या फोन हॅकिंगच्या, म्हणजे लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकण्याच्या, व्याप्तीविषयी ‘गार्डियन’ने २००९ मध्येच लिहिले होते, तरी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ निर्धास्तपणे निघत राहिले. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या व्हॉइसमेलपर्यंत हे प्रकरण पोहोचल्याची बातमी ४ जुलै २०११ रोजी आली, ट्विटरवरून लोकांनी जाहिरातदारांना जाब विचारायला सुरुवात केली, फोर्डसारख्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या आणि १० जुलैला त्या १६८ वर्षे जुन्या वृत्तपत्राचा शेवटचा अंक निघाला. बातमीने दोन वर्षांत जे साधले नव्हते, ते वाचकांच्या रेट्याची जोड मिळताच आठवड्याच्या आत घडले.

कागदपत्र :
मला या दोघांपेक्षा बातमीच्या घडणीची काळजी अधिक वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने लिहिले, की जुन्या आयफोनची बॅटरी बदलताच त्याचा वेग वाढला. एवढ्यावर ती केवळ एक तक्रार होती. त्यानंतर गीकबेंच ही वेगचाचणी बनवणाऱ्या कंपनीच्या जॉन पूल यांनी आपल्याकडे साठलेले चाचण्यांचे आकडे तपासले आणि फोनच्या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांनंतर फोन ठरावीक टप्प्यांवर मंदावलेले दिसतात, हे आलेखांतून दाखवले. पत्रकारांनी त्या आधारे प्रश्न विचारले, तेव्हा जुन्या बॅटरीचा फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग मर्यादित केला जातो, हे अॅपलने मान्य केले; पुढे माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. तक्रार, पडताळणी, प्रश्न आणि मग उत्तर, असा हा क्रम आहे.

आज मधल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात. ‘नेटकरी संतापले’ असा मथळा द्यायचा, खाली पाच-सहा पोस्ट चिकटवायच्या आणि कंपनीला फोनही न करता बातमी सोडायची, याला पत्रकारिता म्हणवत नाही. त्या पोस्टपैकी किती खऱ्या ग्राहकांच्या आहेत, किती प्रतिस्पर्ध्याने लिहवून घेतल्या आहेत, हे कोणी तपासत नाही.

समास :
‘कागदपत्र’ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. ‘पारदर्शी’ यांना मात्र मी त्यांच्याच उदाहरणातील क्रम दाखवू इच्छितो : तेथे आधी पुराव्यानिशी बातमी होती, संताप नंतर आला. अमेरिकेतील फॉक्स न्यूज वाहिनीचे निवेदक बिल ओ’रायली यांचा कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला तेव्हाही ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लैंगिक छळाच्या तक्रारींतील तडजोडी उघड केल्यानंतरच ५०हून अधिक जाहिरातदार बाहेर पडले. माझी भीती आहे ती पुरावा नसताना चालणाऱ्या मोहिमांची, आणि त्यामुळे धास्तावलेल्या जाहिरातदारांची. वाद नको म्हणून ते शब्दांच्या याद्या करतात आणि तो शब्द असलेल्या पानावर जाहिरात जाऊ देत नाहीत. २०२० मध्ये अनेकांनी ‘कोरोनाव्हायरस’ हा शब्दच अशा यादीत टाकला. वाचकांना ज्या बातम्यांची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्यांच्यावरचे उत्पन्न बुडाले.

पारदर्शी :
याद्यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याचा दोष वाचकांच्या माथी मारणे मान्य नाही. मोहिमा चालवणाऱ्यांनी विशिष्ट मजकुराकडे बोट दाखवले होते. सरसकट शब्द वगळण्याची पळवाट जाहिरातदारांनी आणि त्यांच्या एजन्सींनी निवडली, कारण प्रत्येक पान तपासण्यापेक्षा ते स्वस्त पडते. शिवाय वाचकाने दुसरे काय करावे, हे आपण सांगितलेले नाही. संपादकाला पाठवलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही, आणि वर्गणी बंद करावी तर संकेतस्थळ मोफत असते. कोणत्या जाहिरातदाराच्या आक्षेपामुळे कोणती बातमी बदलली किंवा मागे घेतली, हे माध्यमांनी स्वतःहून छापायला सुरुवात करावी. तोवर आक्षेपार्ह मजकुराविषयी मी आधी संपादकाला लिहीन आणि दाद मिळाली नाही, तर जाहिरातदारालाही लिहीन.