केव्हीएम: स्वतःच्या व्हीएमएममधला व्हर्टआयओ ब्लॉक लोड आला की अडकतो, रिंगमध्ये काय चुकतंय?

उद्यमबाग_सी

सी मध्ये छोटा व्हीएमएम (लिनक्सच्या केव्हीएमवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) लिहालोय. डिव्हाइस एकच, एमएमआयओवरचा (रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवर असलेला) व्हर्टआयओ ब्लॉक, म्हणजे आभासी डिस्क. स्प्लिट रिंग, म्हणजे तीन तक्ते: डिस्क्रिप्टर (बफरचा पत्ता आणि लांबी), अ‍ॅव्हेल (गेस्टनं दिलेलं काम) आणि यूज्ड (मी संपवलेलं काम). क्यू २५६ ची. किक (नवं काम आलंय ही गेस्टची खूण) आयओइव्हेंटएफडीवर येते, इंटरप्ट (काम झालं ही माझी खूण) आयआरक्यूएफडीने जातो; दोन्ही इव्हेंटएफडीच, म्हणजे आकडा लिहिला की पलीकडच्याला खूण पोचते. आयओचा थ्रेड वेगळा. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टिम, साधा लिनक्स.

तीन लक्षणं आहेत, एकाच कारणाची की वेगवेगळी ते कळंना:

एक, इव्हेंट-इंडेक्स फीचर (कुठल्या इंडेक्सला खूण हवी ते दोन्ही बाजू लिहून ठेवतात) चालू असताना ४ केबीच्या रीडचा मारा केला की काही मिनिटांत डिस्क गप्प. गेस्टच्या लॉगमध्ये "१२० सेकंद अडकलाय" ही ओळ येते. मी बाहेरून इव्हेंटएफडीत हाताने १ लिहिला की गाडी परत सुरू.

दोन, तेच फीचर बंद केलं की चांगलं पळतं, पण साधारण ६५ हजार रिक्वेस्ट झाल्या की कायमचं बंद. इथं हाताने किक देऊनही हलत नाही.

तीन, एआरएम बोर्डावर कधीकधी डिस्क्रिप्टरमध्ये जुनाच पत्ता नाहीतर शून्य लांबी दिसते. एक्स८६ वर हे एकदाही नाही.

रिंग रिकामी झाली की मी अ‍ॅव्हेल-इव्हेंटमध्ये (कुठल्या इंडेक्सला किक हवी ते सांगायची माझी जागा) माझा शेवटचा इंडेक्स लिहितो आणि इव्हेंटएफडीवर झोपतो. सगळे पॉइंटर व्होलाटाइल आहेत.

---

ऊस_आणि_इंटरप्ट

तीन लक्षणं, तीन चुका. व्होलाटाइलनं यातली एकही सुटत नाही. ते फक्त कंपायलरला आवरतं, सीपीयूला नाही.

पहिली चूक तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर बघा. काटेवाला खिडकीतून बघतो, गाडी नाही. म्हणून "घंटा वाजवा" ही पाटी लावायला उठतो. तेवढ्यात उसाची ट्रॉली येते, पाटी अजून लागलेली नाही, म्हणजे काटेवाला जागा आहे असं समजून ड्रायव्हर न वाजवता उभा राहतो. काटेवाला पाटी लावतो आणि झोपतो. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि रांग हलत नाही.

आता आकड्यांत. तुम्ही १०० पर्यंत उचललंय, अ‍ॅव्हेल-इव्हेंट मात्र अजून जुनाच, समजा ९०. गेस्टनं १०१ प्रकाशित केलं आणि हिशोब केला: नवा वजा इव्हेंट वजा १ हे नवा वजा जुना याच्यापेक्षा लहान आहे का? १०१ − ९० − १ = १०, आणि १०१ − १०० = १. लहान नाही, किक नाही. मग तुम्ही १०० लिहून झोपलात. पुढच्या वेळी १०२ − १०० − १ = १, तेही १ पेक्षा लहान नाही. म्हणजे एक किक हुकली की पुढची कुठलीच येत नाही. रिंग भरते आणि गेस्ट वाट बघत बसतो. हाताने १ लिहिल्यावर का सुटतं, ते यातच आलं.

उपाय: अ‍ॅव्हेल-इव्हेंट लिहा, मग पूर्ण बॅरियर (आधीचं लिहिणं-वाचणं झाल्याशिवाय पुढचं नको असा सीपीयूला अडसर), मग अ‍ॅव्हेलचा इंडेक्स परत वाचा. पुढं गेला असेल तर झोपू नका, काम उचला. मधला बॅरियर पूर्णच हवा, सी११ मध्ये सीक्वेन्शियल फेन्स. एक्स८६ स्टोअर-स्टोअरचा क्रम पाळतो, लोड-लोडचाही पाळतो, पण स्टोअरनंतरचं लोड पुढं सरकू देतो. आणि इथं नेमकं तेच आहे: आधी लिहायचं, मग वाचायचं.

इंटरप्टच्या बाजूला हेच उलटं करायचं. यूज्डचा इंडेक्स लिहिला, पूर्ण फेन्स, मग गेस्टचा यूज्ड-इव्हेंट वाचून इंटरप्ट द्यायचा का ठरवा. २५६ च्या क्यूत यूज्ड-इव्हेंट अ‍ॅव्हेल रिंगच्या शेपटीला, ५१६ व्या बाइटवर असतो. अ‍ॅव्हेल-इव्हेंट यूज्ड रिंगच्या शेपटीला, २०५२ व्या बाइटवर. नावं आणि जागा उलटसुलट आहेत, इथं भल्याभल्यांची गल्लत होते.

---

खानापूर_घाट

दुसऱ्या लक्षणाचं: लूपची अट "माझा इंडेक्स अ‍ॅव्हेलच्या इंडेक्सपेक्षा लहान" अशी असणार. हे इंडेक्स १६ बिटांचे आहेत आणि २५६ ला नाही, ६५५३६ ला गुंडाळतात. तुमचा ६५५३५ आणि गेस्टचा ३ झाला की अट कायमची खोटी. अट "समान नाही" अशी लिहा आणि रिंगमधली जागा इंडेक्स अँड २५५ करून काढा. क्यूची लांबी २ चा घात असण्याची सक्ती स्प्लिट रिंगमध्ये याचसाठी आहे.

सी चा एक खड्डा इथंच आहे. दोन १६ बिटी संख्यांची वजाबाकी सी आपोआप इंटमध्ये करतो, म्हणजे ३ − ६५५३५ हे ऋण येतं, ४ येत नाही. प्रत्येक वजाबाकीला परत १६ बिटांचा कास्ट लावा. वरच्या किकच्या हिशोबातसुद्धा दोन्ही बाजूंना.

तिसरं: अ‍ॅव्हेलचा इंडेक्स अ‍ॅक्वायर लोडने (पुढची वाचनं आपल्या आधी होऊ न देणारं वाचन) वाचा, त्यानंतरच रिंगमधला आकडा आणि डिस्क्रिप्टर. एआरएम ही वाचनं अलीकडं ओढू शकतो, म्हणून नवा इंडेक्स आणि जुना डिस्क्रिप्टर अशी जोडी मिळते. जाताना यूज्डची नोंद आधी, इंडेक्स रिलीज स्टोअरने (आधीचं लिहिणं आपल्या मागं राहू न देणारं लिहिणं) मागून.

आणि सोपा मार्ग हवा असेल तर यूज्डच्या फ्लॅग्जमध्ये १ लिहून किक बंद करा, काम संपलं की ० करा. इव्हेंट-इंडेक्सशिवाय बरंच भागतं.

---

ऊस_आणि_इंटरप्ट

त्यात भर: इव्हेंट-इंडेक्स ठरलं असेल तर फ्लॅग्ज ० च ठेवायचे, गेस्ट ते बघत नाही. आणि फ्लॅग्जची वाट धरली तरी ० केल्यावर फेन्स आणि परत बघणं चुकत नाही, काटेवाला तोच.

---

उद्यमबाग_सी

होय की ओ, लूपमध्ये "लहान" हीच अट होती. फेन्स घालून परत बघायला लावलं, पहिलं लक्षण गेलं असं वाटालंय, पण खात्री कशी करायची? रात्रभर चालवून ठेवू?

---

निपाणी_६४बिट

रात्रभर नको. "रिंग रिकामी" हे ठरवणं आणि अ‍ॅव्हेल-इव्हेंट लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम ५० मायक्रोसेकंदांची झोप घाला. जुना कोड काही सेकंदांत अडकला पाहिजे, नवा अडकता कामा नये. क्यूसुद्धा २५६ ऐवजी ८ ची ठेवून बघा, रिंग सारखी भरते आणि कडेचे सगळे प्रसंग लवकर येतात. इंडेक्स गुंडाळायला ६५५३६ रिक्वेस्ट लागतात, पण ४ केबीच्या हिशोबानं ते फक्त २५६ एमबी वाचन झालं.

अजून एक जागा तपासा, तुम्ही विचारली नाही तरी. एमएमआयओत इंटरप्ट-स्टेटस रजिस्टर (हेक्स ०६०) तुमचा आयओ थ्रेड बिट लावून बदलतो, आणि गेस्टची पोच (हेक्स ०६४) आली की व्हीसीपीयूचा (गेस्टच्या आभासी सीपीयूचा) थ्रेड तोच बिट काढतो. हे साध्या ऑर आणि अँडने केलं असेल तर एकाचं लिहिणं दुसऱ्यावर जातं आणि इंटरप्ट हरवतो. लक्षण किक हरवल्यासारखंच दिसतं, पण इव्हेंटएफडी हलवून सुटत नाही. अ‍ॅटॉमिक ऑर आणि अ‍ॅटॉमिक अँड वापरा, आणि बिट लावल्यावरच आयआरक्यूएफडीत लिहा.

रिंगची मेमरी गेस्टच्या हातात असते, म्हणून डिस्क्रिप्टरचे १६ बाइट एकदाच स्वतःच्या स्टॅकवर कॉपी करा आणि तपासणी व वापर दोन्ही त्या कॉपीवरच. पत्ता तपासला आणि मेमरीतून परत वाचला, तर मधल्या वेळात गेस्ट तो बदलू शकतो. साखळीत क्यूच्या लांबीपेक्षा जास्त डिस्क्रिप्टर निघाले तर तिथं गाठ मारलेली आहे (साखळी फिरून स्वतःवरच येते), थांबा. इंडेक्सचा फरक २५६ च्या वर गेला तरी तसंच: स्टेटसमध्ये ६४ चा बिट लावा, म्हणजे "मला रीसेट करा".

यूज्डमधली लांबी म्हणजे डिव्हाइसनं लिहिलेले बाइट. ४ केबीच्या रीडला ४०९७ (डेटा आणि १ स्टेटस बाइट), राइटला फक्त १. हेडरचे १६ बाइट त्यात धरायचे नाहीत. हेडर, डेटा, स्टेटस असे तीनच डिस्क्रिप्टर येतील हेही गृहीत धरू नका, तुकडे कसेही पडू शकतात.

---

खानापूर_घाट

डिस्क राइटबद्दल एकच. फ्लश फीचर (बिट ९) जाहीर केलं असेल तर प्रकार ४ ची रिक्वेस्ट आल्यावर फाइलवर एफडेटासिंक (डेटा खऱ्या डिस्कवर उतरवणं) पूर्ण होऊ दे, मगच स्टेटस ० द्या. जाहीरच केलं नाही तर गेस्ट समजतो की प्रत्येक राइट पक्काच आहे आणि फ्लश पाठवतच नाही. मग पक्कं करणं तुमच्या अंगावर. पावसाळ्यात आमच्याकडं वीज जायला वेळ लागत नाही, तेव्हा होस्टच्या (व्हीएमएम चालतो त्या मशीनच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच, राहिलेला डेटा गेला म्हणून समजा.

---

उद्यमबाग_सी

५० मायक्रोसेकंद घातले. जुना कोड लगेच अडकला, नवा अजून पळालाय. इंटरप्ट-स्टेटसचं साधं ऑरच होतं, बदललं. आता हे बसलं की पॅक्ड रिंगकडं जावं काय?

---

निपाणी_६४बिट

व्हर्टआयओ १.१ मध्ये आलेली ती, २०१९ ची. तीन तक्त्यांच्या जागी एकच, डिस्क्रिप्टर तेवढाच १६ बाइटचा, आणि मालकी कुणाची ते फ्लॅग्जमधल्या ७ आणि १५ व्या बिटावरून व रॅप काउंटरवरून (रिंगचा फेरा संपला की उलटणारा बिट) ठरतं. कॅश लाइन कमी हलतात, पण चुका शोधणं अवघड, कारण बघायला वेगळा इंडेक्सच नसतो. आधी यातच एआरएम बोर्डावर क्यू ८ ठेवून मारा करा, तिथं काही निघालं तर लॉगसकट इथं टाका.