मदत हवी आहे : शिंगाड्याच्या वेलीवर कमळपक्ष्याची अंडी, फवारणी आठवड्यावर आली

नमस्कार मंडळी,

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात काकांनी शिंगाडा लावलाय. परवा डोंग्यातून शेवाळ काढताना पानांवर चार अंडी दिसली. घरटं म्हणावं असं काही नाहीच, चार ओल्या काड्या, त्याही अर्ध्या पाण्यात. अंडी मात्र भोवऱ्यासारखी निमुळती, तपकिरी आणि तेल चोपडल्यासारखी चकचकीत.

पक्षी लांब शेपटीचा कमळपक्षी आहे, शंकाच नको. चॉकलेटी अंग, पांढरे पंख, मानेमागे सोनेरी पट्टा, विळ्यासारखी शेपूट. पायाची बोटं इतकी लांब की सगळा भार पानांवर पसरतो, म्हणून पान बुडत नाही.

मादी दिसत नाही, म्हणून काका म्हणाले, "आई टाकून गेली." पण यांच्यात अंडी नरच उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो. मादी त्याच्याहून मोठी असते. एकाला अंडी देऊन ती दुसऱ्या नराकडे जाते. काकांना ते पटेना. मग काल पाणी चढलं आणि त्यांनी स्वतःच पाहिलं : नराने एक अंडं चोच आणि छातीच्या मध्ये धरलं आणि मागे मागे सरत हातभर लांबच्या पानांवर नेलं. मग दुसरं. चारही हलवेपर्यंत काकांनी वल्हं पाण्याला लावलं नाही.

आता अडचण. पानांना भुंगा लागलाय, अळ्यांनी पानांची चाळण केलीय. पुढच्या आठवड्यात फवारणी ठरली आहे. अंडी फुटायला साधारण 26 दिवस लागतात, पण ती कधी घातली कोणास ठाऊक. काकांचं वर्षाचं उत्पन्न यावर आहे, त्यांना "फवारू नका" असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

कुणी शिंगाड्यावरचा भुंगा औषधाशिवाय आवरलाय का? भुंग्याच्या अंडीपुंजांची पानं खुडून कितपत भागतं? घरट्याभोवती किती जागा सोडली तर नर बिथरत नाही? बांबू रोवून खूण करावी म्हणतो, पण त्यावर कावळा येऊन बसेल अशी धास्ती वाटते.

तैवानमध्ये ताइनानजवळ ग्वानत्यानला शिंगाड्याच्याच शेतात हा पक्षी वाढतो, आणि घरटी राखणाऱ्या शेतकऱ्यांना तिथे मोबदला मिळतो. आपल्याकडे अशी सोय असेल तर कुणाला भेटावं, तेही सांगा.

रविवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल. सोमवारी पंप येतोय.