शब्दचर्चा : प्रकाश पडताच वाकणाऱ्या पदार्थांना काय म्हणावे?

प्रश्न : पुण्यातील आमच्या महाविद्यालयात विज्ञान दिनानिमित्त मराठी फलक लावायचे आहेत. प्रकाश पडला की वाकणाऱ्या किंवा आकसणाऱ्या पदार्थांसाठी 'प्रकाशचलित पदार्थ' हा शब्द एका सहकाऱ्यांनी सुचवला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर १ : माझ्या मते नाही. सौर पॅनेलवर चालणारा शेतातला पंपही प्रकाशचलितच म्हणावा लागेल. पण तेथे प्रकाशाची आधी वीज होते आणि मग मोटार फिरते. आपल्याला अभिप्रेत असलेल्या पदार्थांत विजेचा हा टप्पाच नसतो. अॅझोबेंझीन या रसायनाचे उदाहरण घ्या. याचा लांबट रेणू सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण शोषून मध्येच मुडपतो आणि त्याच्या दोन टोकांमधील अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येते. असे रेणू पॉलिमरच्या पातळ पट्टीत गुंफलेले असले, तर किरण वरच्या थरातच शोषले जात असल्यामुळे तेवढाच थर आकसतो, खालचा तसाच राहतो आणि पट्टी प्रकाशाच्या बाजूला वाकते. दृश्य प्रकाश टाकला की ती पुन्हा सरळ होते. जपानी संशोधकांनी २००३ मध्ये तर ध्रुवित (म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाची कंपनदिशा बदलून पट्टी हव्या त्या दिशेला वाकवून दाखवली. प्रकाशाचे गतीत असे थेट रूपांतर सांगणारा 'प्रकाशयांत्रिक' हा शब्द मला योग्य वाटतो.

उत्तर २ : शब्द मान्य आहे, पण 'विजेचा टप्पाच नसतो' ही कसोटी टिकणार नाही. शिसे, लँथॅनम, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनवलेल्या एका सिरॅमिकवर अतिनील प्रकाश पडला की त्याच्या आतच विद्युतदाब निर्माण होतो आणि त्या दाबाने त्याचा आकार किंचित बदलतो. तोही प्रकाशयांत्रिकच मानला पाहिजे. तेव्हा हे सारे रूपांतर एकाच पदार्थाच्या आत घडते, ही कसोटी ठेवावी. सौर पंप तिने आपोआप वगळला जातो.

प्रश्नकर्ती : कसोटी पटली. मात्र 'यांत्रिक' म्हटले की वाचणारा यंत्र शोधू लागेल, अशी शंका वाटते. वनस्पतींच्या 'प्रकाशानुवर्तना'च्या (प्रकाशाकडे झुकण्याच्या) धर्तीवर काही शब्द करता येईल का?

उत्तर १ : आधी उत्तर २ मधील दुरुस्तीबद्दल आभार, ती फलकावर अवश्य घ्यावी. 'यांत्रिक'ची अडचण फार मोठी नाही, कारण 'यांत्रिक ऊर्जा' हा शब्द मुलांना शाळेपासून माहीत असतो आणि येथे तोच अर्थ आहे. 'अनुवर्तन' मात्र टाळावे. रोपाचे खोड प्रकाशाकडे झुकते ते सावलीकडच्या पेशी अधिक लांब वाढल्यामुळे. ती वाढ आहे आणि झालेली वाढ मागे फिरत नाही. वर सांगितलेल्या पट्टीत काहीच वाढत नाही आणि तिचे वाकणे पुनःपुन्हा उलटवता येते. फलकाच्या मथळ्यात 'प्रकाशाने हलणारे पदार्थ' असे साधे शब्द ठेवून खालच्या मजकुरात 'प्रकाशयांत्रिक' ही संज्ञा कसोटीसह द्यावी.