'देसुल्तोर': खाली उडी की पलीकडच्या घोड्यावर?

प्रश्न: रोमन सर्कसमध्ये (रथशर्यतींच्या मैदानात) धावत्या घोड्यांवर कसरत करणाऱ्या स्वाराला लॅटिनमध्ये 'देसुल्तोर' म्हणत. इंग्रजीतला 'डेसल्टरी' यातूनच आला म्हणतात. त्याला 'विस्कळीत' हा अर्थ कसा आला? मराठीत काय म्हणावं?

उत्तर १: 'सलीरे' म्हणजे उडी मारणे, 'दे' म्हणजे खाली. उपसर्ग लागला की लॅटिन धातूतला ऱ्हस्व 'अ' सहसा बदलतो: 'देसिलीरे'मध्ये त्याचा 'इ' झाला आणि 'ल्'पुढे व्यंजन आलं तिथे 'उ', म्हणून 'देसुल्-'. 'इन्सल्ट', 'रिझल्ट' यांतला 'सल्ट' हाच. शेवटचा 'तोर' कर्तृवाचक, आपल्या 'तृ'चा सख्खा भाऊ (लॅटिन 'गेनितोर', संस्कृत 'जनितृ'). तेव्हा शब्दशः अर्थ 'खाली उडी टाकणारा' एवढाच. दुसरा घोडा व्युत्पत्तीत नाही, तो खेळातून आला.

उत्तर २: खेळात बहुधा दोन घोडे असत. इ.स.पू. ८८च्या एका देनारियस नाण्यावर असा स्वार जोडीसह दिसतो. रिकीब तेव्हा नव्हती, त्यामुळे उडी घेताना पायाला आधार नाही. घोडे बरोबरीने धावले तरच जमायचं. एक पुढे सरकला की उडी हुकणार. ही निव्वळ करमणूकही नव्हती. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की कार्थेजचा सेनानी हॅनिबल याच्या भावाच्या सैन्यातले काही नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) स्वार देसुल्तोरांसारखे दोन-दोन घोडे नेत आणि ऐन लढाईत शस्त्रांसह थकलेल्यावरून ताज्या घोड्यावर झेप घेत.

खरोखर खाली उडी पाहायची तर प्राचीन ग्रीसमधल्या ऑलिंपियातली 'काल्पे' शर्यत घ्या (इ.स.पू. ४९६ ते ४४४). शेवटच्या फेरीत स्वार घोडीवरून उतरून, लगाम धरून शेजारी पळत असे.

उत्तर ३: अर्थाची घसरण इंग्रजीने केलेली नाही. रोमन कवी ओव्हिडच प्रेयसीला सांगतो, मी प्रेमातला देसुल्तोर नव्हे. म्हणजे आज हिच्यावर, उद्या तिच्यावर उडी मारणारा नव्हे.

म्हणून 'विस्कळीत' मला पटत नाही. त्यात मांडणी मोडल्याचा भाव आहे, उडी नाही. माणसाच्या वृत्तीसाठी आपला 'धरसोड' जवळचा, वाचनासाठी 'तुटक'.

स्वारासाठी 'अश्वकसरतपटू' फार सैल, एकाच घोड्यावर उभा राहणाराही त्यात बसतो. संस्कृतात 'अवप्लुत' (खाली उडी घेतलेला) आहे. महाभारतातले योद्धे 'रथादवप्लुत्य', म्हणजे रथातून खाली उडी घेऊन, लढायला धावतात, आणि 'अव' म्हणजे नेमका 'दे'. पण मराठी वाचकाला तो जड जाईल. भाषांतरात मी 'देसुल्तोर'च ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'धावता घोडा बदलणारा स्वार' असं लिहीन.